उजाडायच्या आधीचं स्टेशन

दिवेआगरात वीज गेली की सगळं गाव कपाळाला हात लावतं आणि रत्नपाल गमरे लगबगीनं रेडिओपाशी जाऊन बसतो. हा माणूस छत्तीस वर्षं वीज कंपनीत वायरमन होता, त्यामुळे गावात त्याच्याबद्दल नाही नाही ते बोललं जातं. "हाच जुन्या ऑफिसात फोन करून लाइन पाडायला सांगतो," असं एकदा पिठाच्या गिरणीत सदू गिरणीवाला म्हणाला होता. रत्नपालच्या कानावर आलं तेव्हा तो पोट धरून हसला. त्याची बायको कोकिळा मात्र दळणाचा डबा घेऊन गेली आणि सदूला दोन शब्द सुनावूनच परत आली.

खरं कारण अगदी साधं होतं. रत्नपालला लांबची स्टेशनं ऐकायचा नाद होता. मोबाइलवर बोट लावून ऐकायची नव्हे, तर हवेतून येणारी, मिडियम वेव्हवरची. दिवसा ही स्टेशनं आपल्या पंचक्रोशीबाहेर फारशी जात नाहीत. सूर्य मावळला की मात्र त्यांच्या लहरी आभाळाला धडकून परत खाली येतात आणि हजारो किलोमीटरवर जाऊन पडतात. त्यात मध्ये खारं पाणी असेल तर विचारायलाच नको. पण टीव्हीचा डबा, चार्जर, इन्व्हर्टर, स्वस्तातले बल्ब या सगळ्यांतून एक बारीक घरघर हवेत सुटत असते, आणि लांबून थकूनभागून आलेला आवाज त्या घरघरीत बुडून जातो. म्हणून वीज गेली की रत्नपालला गाव धुऊन काढल्यासारखं वाटायचं.

नाद लागला तो नोकरीत. तरुणपणी सबस्टेशनवर ड्युटीला असताना वेळ जावा म्हणून त्यानं एक जुना ट्रान्झिस्टर नेला होता. एका संध्याकाळी सुई फिरवता फिरवता कुणी तरी अनोळखी भाषेत गाणं म्हणताना सापडलं. ते कुठलं गाणं, कुठला देश, हे त्याला कधीच कळलं नाही, आणि ते न कळल्याची हुरहुर मनात बसली ती बसलीच. निवृत्त झाल्यावर त्यानं सेलवर चालणारा चांगला रेडिओ घेतला, अंगणातल्या माडापासून मागच्या माडापर्यंत चाळीस मीटर तार स्वतः चढून बांधली आणि एक वही सुरू केली. स्टेशन ओळखू आलं की वहीत तारीख, वेळ, काय ऐकलं ते लिहायचं. मग त्याच मजकुराचं पत्र त्या स्टेशनला पाठवायचं. ऐकलेलं खरं निघालं तर स्टेशन पोच म्हणून एक कार्ड पाठवतं. अशी कार्डं त्याच्याकडे श्रीलंकेहून, इराणहून, ओमानहून, पार थायलंडहून आली होती. मुलीच्या, साक्षीच्या, लग्नाच्या अल्बमची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत ती लावलेली होती. पाहुण्यांना अल्बम दाखवताना कोकिळा मुलीच्या पाठवणीचा फोटो झाला की अल्बम मिटायची. न मिटला तर पुढे तासभर रत्नपालला थांबवणं कुणाला जमत नसे.

आफ्रिका मात्र त्या अल्बमात नव्हती.

गेल्या डिसेंबरात, नाताळला आठवडा असताना, पहाटे पावणेसातला तो पडवीत स्वेटर घालून बसला होता. कानांवर हेडफोन, समोर वही. उजाडायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं ही या नादातली मोठी वेळ. पश्चिमेकडे अजून रात्र असते, इकडे दिवस उगवायला आलेला असतो, आणि त्या सांध्यावर लांबचा आवाज एकदम वर येतो. सूर्य डोंगरावर आला की संपलं. एका जागी पूर्वी आपल्याकडचं मोठं स्टेशन असायचं. ते बंद झाल्यापासून तिथं नुसती सळसळ ऐकू यायची. सवयीनं त्यानं काटा तिथं नेला आणि तो थबकला.

आधी ढोलासारखे दोन ठोके. मग एक बाई बोलू लागली. आवाज लाटेवरच्या होडीसारखा वर यायचा, खाली जायचा. बाई हसऱ्या आवाजात सावकाश काही सांगत होती. मध्येच 'खबर'सारखा एक शब्द आला. अरबी म्हणावं तर तसा हेल नव्हता. फारसी त्याला कानानं ओळखता यायची, तीही नव्हती. सात वाजून बारा मिनिटांनी आवाज विरत विरत गेला आणि गावातली कुत्री तेवढी ऐकू येऊ लागली.

"चहा निवला," कोकिळा दारातून म्हणाली.

"अगं, नवीन बाई सापडली!"

"बरं झालं. तिलाच सांगा चहा गरम करायला."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. रत्नपाल वहीत जे कानाला पडेल ते देवनागरीत उतरवून घेत होता. 'हबारी', 'बहारी', 'उफुकोनी'. पण स्टेशनचं नाव कुठलं आणि भाषा कुठली याचा पत्ता लागेना. भाषाच कळत नाही तर पत्र लिहायचं कुणाला? त्याच्या मनानं घेतलं होतं की ही आफ्रिकाच. पश्चिमेकडून, इतक्या उशिरापर्यंत टिकणारा आवाज दुसरा कुठला असणार?

चौथ्या दिवशी त्यानं काटा त्या जागी आणला आणि रेडिओतून नुसतं 'घर्रर्र' असं आलं. बाई नाही, ठोके नाहीत. त्यानं घरातला मेन स्विच पाडला. कोकिळेचा मिक्सर अर्ध्या चटणीत थांबला, पण घरघर थांबली नाही. म्हणजे उगम बाहेर होता.

लाइनवर फॉल्ट शोधण्यात त्याची हयात गेली होती. पायांत चपला सरकवून, कानाला खिशातला छोटा रेडिओ लावून तो गल्लीत निघाला. छोटा रेडिओ हातात धरून गोल फिरवला की एका ठिकाणी घरघर कमी होते. त्या वेळी रेडिओचं टोक उगमाकडे रोखलेलं असतं. असा तो दर वीस पावलांवर थांबून स्वतःभोवती गिरकी घेत होता. घरोघर दूध घालायला निघालेली विनिता त्याला बघून रस्त्याच्या कडेला झाली.

"रत्नपालभाऊ, बरं हाय ना?"

"घरघर शोधतोय."

"सापडली की सांगा," असं म्हणून ती भराभर पुढे गेली.

समुद्राकडच्या रस्त्याला लागल्यावर घरघर इतकी वाढली की छोटा रेडिओ हातात थरथरायला लागला. समोर सलिलची वाडी होती. सलिल आणि त्याची बायको क्षिप्रा यांनी आपल्या होम-स्टेला येणाऱ्या नाताळच्या पाहुण्यांसाठी आदल्या संध्याकाळीच सुपारीच्या प्रत्येक झाडाला निळ्या-पांढऱ्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. पहाटेच्या अंधारात वाडी लग्नाच्या मांडवासारखी झगमगत होती. रत्नपाल फाटकाशी उभा राहिला, आणि त्याचा हात कडीपर्यंत जाऊन थांबला.

कारण सलिलशी त्याचं बोलणं नव्हतं. भांडण असंही नव्हतं. दोन हजार वीसच्या जूनमध्ये चक्रीवादळानं सगळा किनारा आडवा केला तेव्हा विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडले होते. सलिलची वाडी लाइनीच्या अगदी टोकाला. गावात एकेका आळीत दिवे लागत गेले, आणि अडतिसाव्या दिवशीही सलिलच्या घरात अंधारच होता. चारशे सुपारींतल्या साठच उभ्या राहिलेल्या, आणि पंपाअभावी विहिरीचं पाणी हातानं शेंदावं लागत होतं. त्या दिवशी सलिल खांबाखाली येऊन चार माणसांदेखत ओरडला होता, "गमरेकाका, तुम्ही आम्हाला मुद्दाम अंधारात ठेवताय!" रत्नपाल वर खांबावर होता. तो काहीच बोलला नाही. चाळिसाव्या दिवशी सलिलच्या दारातलं शेवटचं जोडकाम त्यानंच केलं, दिवा लागलेला बघितला आणि पाणीही न घेता निघून गेला. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की मान हलवायचे, एवढंच.

आणि आज त्याच दारात तो काय मागायला आला होता? त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो मागे वळणार एवढ्यात सलिल झाडांना पाणी सोडायला बाहेर आला.

"गमरेकाका? या ना. काय झालं? माळांबद्दल कुणी तक्रार केली का?"

"न्हाय, न्हाय. मी आता कंपनीत न्हाय." रत्नपालनं छोटा रेडिओ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "एक मागणं हाय, सलिलभाऊ. सकाळी साडेसहा ते सव्वासात या लाइटी बंद ठेवाल का?"

सलिल त्याच्याकडे बघत राहिला. "तुम्ही मला लाइट बंद करायला सांगताय?"

"व्हय."

"तुम्ही. मला."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून क्षिप्राचं हसू फुटलं. सलिलनं हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"काका, मी त्या वेळी तुम्हाला जे बोललो ना..."

"जाऊ दे हो."

"नाही, मला कधीचं विचारायचंय. तुम्ही उलटून एक शब्द बोलला नाहीत. मला तेच जास्त लागलं होतं."

"कसा बोलणार?" रत्नपाल म्हणाला. "तोंडात चार नटबोल्ट धरलेले होते. बोललो असतो तर ते तुमच्या डोक्यावर पडले असते."

यावर सलिल जो हसायला लागला तो थांबेना. क्षिप्रा बाहेर येऊन बघू लागली. चार वर्षांचं अवघडलेपण त्या हसण्याबरोबर सुटून गेलं; रत्नपाललाही ते जाणवलं, आणि त्यानं घाईघाईनं छोटा रेडिओ चालू करून विषय बदलला. सलिलनं माळांची पिन काढली. घरघर बंद. पिन लावली, पुन्हा घर्रर्र. क्षिप्रानं स्वतःच्या हातानं सहा वेळा पिन काढून-घालून बघितली.

"म्हणजे एवढा गोंधळ आम्ही करतोय आणि आम्हाला पत्ताच नाही," ती म्हणाली. "आणि ते जे ऐकू येतं ते काय असतं, काका?"

"उद्या या. ऐका."

दुसऱ्या दिवशी दोघंही साडेसहाला गमरेंच्या पडवीत हजर होती. रत्नपालनं हेडफोन काढून रेडिओचा आवाज मोकळा सोडला. सहा बावन्नला ठोके पडले. बाई आली. क्षिप्रानं सलिलचा दंड धरला. सलिलनं मोबाइलवर ते सगळं टिपून घेतलं, जवळजवळ अकरा मिनिटं.

"टाकतो मी इंटरनेटवर," तो म्हणाला. "दोन मिनिटांत भाषा कळेल."

"नको."

"का?"

रत्नपालला नीट सांगता येईना. "मग ते स्टेशन इंटरनेटला सापडलं असं होईल. आपल्या कानानं, आपल्या माणसानं ओळखलं पाहिजे. तेवढीच तर मजा हाय."

"आपली माणसं आफ्रिकेत कुठं?" सलिल म्हणाला.

कोकिळा पोहे परतत होती. ती आतूनच म्हणाली, "जुलेखाआपा."

कोकिळेचं माहेर खाडीपलीकडचं, आगरदांड्याच्या बाजूचं. लहानपणी गावातल्या सगळ्या मुली जुलेखा मुकादम यांच्याकडे शिवण शिकायला जायच्या. आपांचे वडील बोटी बांधणारे सुतार. कामासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले होते, आणि आपांचा जन्म तिकडचा. तेरा वर्षांच्या असताना त्या इकडे आल्या. "शिवताना बोटात सुई गेली की आपा कुठल्या तरी वेगळ्याच भाषेत ओरडायच्या," कोकिळा म्हणाली. "आम्हाला वाटायचं, शिवी देतायत."

रविवारी सलिलच्या गाडीतून चौघं निघाले. दिघीला गाडी फेरीबोटीत चढवली आणि खाडी ओलांडून पलीकडे उतरले. वाटेत रत्नपालनं सलिलला तीनदा विचारलं, की मोबाइलमधला आवाज पुसला तर गेला नाही ना.

आपा अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. वय सत्त्याहत्तर, पाठ ताठ, चश्मा दोरीनं गळ्यात. "कोकिळे! तुला रस्ता आठवला का गो?" म्हणत त्यांनी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांना बाकावर बसवलं. सरबत झालं, तब्येती झाल्या. रत्नपालचा पाय सारखा हलत होता. शेवटी सलिलनं मोबाइल आपांच्या कानाशी धरला.

ठोके पडले. बाई बोलू लागली. आपांचा मिरच्यांकडे गेलेला हात तसाच राहिला.

"या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम मोठ्यानं, "अरे, ही तर स्वाहिली! परत लाव. पयल्यापासून लाव!"

पहिल्यापासून लावलं. आपांनी डोळे मिटले आणि त्या बाईच्या पाठोपाठ एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. कोकिळेनं वही उघडली.

"'हबारी झा असुबुही', म्हंजे सकाळची काय खबर? हा रेडिओ उफुकोनी. उफुकोनी म्हंजे किनाऱ्यावर. ही म्हणते, दक्षिणेला वारा जोराचा हाय, छोट्या होड्यांनी दुपारच्या आत परत फिरावं. मग... थांब, थांब. हां. शाळेच्या मागं राहणाऱ्या बाईला मुलगी झाली, दोघी खुशाल. आणि एक बकरी हरवली हाय. तपकिरी, एक कान फाटलेला. ज्याला सापडेल त्यानं मशिदीजवळच्या दुकानात सांगावं."

"बकरी?" क्षिप्रा म्हणाली.

"बकरी. फाटका कान." आपा आता डोळे पुसत हसत होत्या. "दुकानाला ते 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', चपातीला तर चपातीच! आमच्याच लोकांनी नेलेली. किती वर्षांनी ऐकते मी. आमच्या घरात बोलणारं कोण उरलंच न्हाय."

रत्नपालनं कोकिळेच्या हातून वही ओढून घेतली आणि ते पुन्हा पुन्हा वाचलं. साडेचार हजार किलोमीटरवर कुणाची तरी फाटक्या कानाची बकरी हरवली होती आणि ती बातमी दिवेआगरात पोचली होती. आफ्रिका मिळाली होती.

"मोबाइलमधलं झालं," आपा म्हणाल्या. "आता खरं ऐकव."

"आपा, ते पहाटे येतं. आणि आमच्याकडे, दिवेआगरात."

"मग मी काय लंगडी हाय?"

आपांनी पिशवी भरली आणि त्याच गाडीतून निघाल्या. सलिलनं होम-स्टेची खोली देऊ केली, पण त्या कोकिळेकडेच राहिल्या. सोमवारी पहाटे शाल गुंडाळून त्या पडवीत येऊन बसल्या, सलिलनं माळा बंद केल्या, रत्नपालनं काटा जागेवर आणला. सहा पन्नास झाले, सात झाले. नुसती सळसळ. उन्हाची तिरीप अंगणात आली तरी बाईचा पत्ता नाही.

रत्नपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आभाळाचं कामच असं हाय, आपा. कधी येतं, कधी न्हाय."

"समुद्र तरी रोज पापलेट देतो का?" आपा म्हणाल्या, आणि चहात पाव बुडवून खाऊ लागल्या.

मंगळवारीही सळसळच, आणि वर एक नवी बारीक घरघर. पण तोवर गोष्ट गावभर झाली होती, दूधवाल्या विनितेनं ती घरोघरी पोचवली होती. मंगळवारी संध्याकाळी सदू गिरणीवाला आपण होऊन आला. दारात उभा राहून, कोकिळेकडे न बघता म्हणाला, "आमच्या फ्रीजचा तर आवाज नसेल ना? सकाळी आमच्या आळीतले मेन स्विच पाडून ठेवू का?"

रत्नपाल नको नको म्हणत होता. कोकिळा म्हणाली, "ठेवा की. नाही तरी तुमचा समज हाच, की आम्ही लाइन पाडतो. एकदा खरंच पाडू."

बुधवारी पहाटे पडवीत अकरा माणसं होती. आळीतल्या आठ घरांनी मेन स्विच पाडले होते. समुद्राची गाज इतकी स्वच्छ ऐकू येत होती, की कुणी कुजबुजलं तरी रत्नपाल 'शूऽ' करायचा. त्याला आजवर एकट्यानं, हेडफोन लावून ऐकायची सवय. मागे इतकी माणसं श्वास धरून उभी आहेत याचं त्याला दडपण आलं होतं.

सहा त्रेपन्न. ठोके.

"आली!" सदू ओरडला, आणि दहा जण त्याच्यावर 'शूऽ' म्हणून धावले.

बाई आज जणू अंगणात उभी राहून बोलत होती. 'हबारी झा असुबुही,' ती म्हणाली, आणि आपा खुर्चीतून पुढे झुकून रेडिओला मोठ्यानं म्हणाल्या, "न्झुरी, बेटी! न्झुरी साना!" मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळे बघतायत. "सकाळी कुणी खबर विचारली की छान म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या. "तसं म्हटलं न्हाय तर वाईट दिसतं."

वारा, होड्या, एका लग्नाचं आमंत्रण, असं सगळं आलं. शेवटी बाईनं कसलंसं गाणं लावलं. ते फिकट होत चाललं तरी कुणी हललं नाही. सात चौदाला सूर्य वर आला आणि आवाज गेला. रत्नपालनं रेडिओ बंद केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वहीत लिहायचं तो साफ विसरला होता. पण कोकिळेनं सगळं लिहून घेतलं होतं, मिनिटासकट.

पत्र त्याच दिवशी तयार झालं. इंग्रजी क्षिप्रानं लिहिलं, वारा, मुलगी, बकरी, लग्न सगळं वेळेसह. खाली आपांनी स्वतःच्या हातानं सहा ओळी स्वाहिलीत लिहिल्या; त्यांत काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाव कळल्यावर पत्ता शोधायला रत्नपालची हरकत नव्हती, तो सलिलनं काढला. पोस्टात पाकीट टाकून रत्नपाल जो आला तो दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनची वाट बघायला लागला. "पत्र अजून मुंबईलाही पोचलं नसेल," कोकिळा म्हणायची.

उत्तर मार्चच्या शेवटी आलं. पाकिटावर माशाचं चित्र असलेली तीन तिकिटं. आत चहाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा निघाला. त्यावर रंगीत पेनांनी बेटाचा नकाशा, एक माड, एक उंच मनोरा काढलेला, आणि खाली सात सह्या. सोबत तिथल्या इंजिनियरचं पत्र होतं. क्षिप्रानं ते पडवीत उभं राहून मराठीत वाचून दाखवलं. आमच्याकडे छापील कार्डं नाहीत, कारण आजवर आम्हाला कुणी असं पत्र लिहिलंच नाही, असं त्यानं म्हटलं होतं. आमचं यंत्र लहान आहे, पाऊस असला की शेजारच्या बेटावरही नीट ऐकू येत नाही अशी लोकांची तक्रार असते. तुमचं पत्र आम्ही त्या तक्रार करणाऱ्यांना वाचून दाखवलं. बकरी दुसऱ्याच दिवशी सापडली. मालकीण विचारते आहे, की हिंदुस्थानात तिच्या बकरीबद्दल कोण बोलत होतं. जुलेखा मामांना, म्हणजे आमच्या भाषेत आईंना, सगळ्यांचा सलाम. त्यांनी लिहिलेलं आम्ही सकाळी वाचलं आणि आमची निवेदिका मध्येच थांबली, तिला पुढं वाचवेना.

रत्नपालनं तो पुठ्ठा दोन्ही हातांत धरला. त्याच्याकडे गुळगुळीत, चकचकीत कार्डं होती, सोनेरी शिक्क्यांची होती. हे खोक्याचं होतं आणि एका कोपऱ्यात चहाचा डाग होता. रात्री जेवताना त्यानं ते ताटाशेजारी ठेवलं होतं.

"आपांना दाखवायला न्यायचं ना?" कोकिळेनं विचारलं.

"न्यायचं तर. त्यांना द्यायला एक कॉपी काढून घेतो."

जवळच्या बोर्लीला जाऊन त्यानं मोठ्या कागदावर कलर झेरॉक्स काढली, वर प्लॅस्टिकही मारून घेतलं. रविवारी पुन्हा चौघं फेरीबोटीनं पलीकडे गेले. आपांनी पत्र ऐकलं, बकरीचं ऐकून टाळी वाजवली, निवेदिकेचं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग रत्नपालनं दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकमधली कॉपी.

"हे काय?"

"ही झेरॉक्स, आपा. तुमच्यासाठी. कलर हाय."

आपांनी चश्मा चढवला. पुठ्ठा उचलून नाकाशी नेला, सह्यांवरून अंगठा फिरवला, एकेक नाव ओठांत वाचलं. मग प्लॅस्टिकची कॉपी रत्नपालच्या हातात दिली.

"ही तू ठेव," त्या म्हणाल्या. "कलर हाय."

रत्नपालनं मदतीसाठी कोकिळेकडे पाहिलं. कोकिळा अंगणातल्या कोंबड्या मोजत होती. सलिलला अचानक जोराचा खोकला लागला. रत्नपालनं एकदा पुठ्ठ्याकडे पाहिलं. आपांनी तो पदराखाली, पार छातीशी धरला होता.

"ठेवा, आपा," तो म्हणाला. "तुमचंच स्टेशन ते."

परतीच्या बोटीत वारा सुटला होता. सलिल कठड्याला टेकून म्हणाला, "काका, वहीत आता काय लिहिणार?"

"खरं तेच लिहिणार. स्टेशन मिळालं, कार्ड मिळालं, कार्ड गेलं," रत्नपाल म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू आलं. हसता हसता त्याच्या हातातली झेरॉक्स वाऱ्यानं फडफडली. कोकिळेनं ती पटकन ओढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये, घराच्या चावीशेजारी ठेवून चेन लावली.